मोगलाई सोडून सोलापूर : विणकर कुटुंबांनी राज्य कसे निवडले?

१/ नारळी पौर्णिमेला सोलापूरच्या पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. रस्त्यावरच्या पाट्या मराठीत असतात आणि रथामागून चालणाऱ्यांच्या गप्पा तेलुगूत. हैदराबाद येथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. मग महाराष्ट्रातल्या या शहरात एवढा मोठा तेलुगू समाज आला कसा? त्याचे उत्तर एका निर्णयात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे कित्येक दशके हा निर्णय तेलंगणातल्या घराघरांत घेतला जात होता : मुलाबाळांसह आता कोणत्या राज्यात राहायचे?

२/ येथे 'राज्य' हा शब्द शब्दशः घ्यावा लागतो. पूर्वेला निजामाचे हैदराबाद संस्थान होते आणि पश्चिमेला इंग्रजांचा मुंबई इलाखा. सोलापूर १८१८ पासून इंग्रजांकडे होते. तेथून जेमतेम ४५ किलोमीटरवरचे तुळजापूर मात्र निजामाच्या हद्दीत. या बाजूचे लोक निजामाच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. तिकडचे नाणे निराळे, 'हाली शिक्का', आणि इंग्रजी रुपयाहून त्याची किंमत कमी. जकात निराळी, दरबारही निराळा. सीमा ओलांडणे म्हणजे दुसऱ्याच सत्तेच्या छायेत जाणे होते.

३/ ही सीमा सर्वांत मोठ्या संख्येने ओलांडली ती पद्मशाली समाजाने. करीमनगर, वरंगल, नलगोंडा, महबूबनगर हे त्यांचे मूळ प्रदेश. विणकाम हा पिढीजात व्यवसाय. मार्कंडेय ऋषी हे मूळपुरुष आणि त्यांचे पुत्र भावनाऋषी यांनी कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणले, अशी या समाजाची श्रद्धा आहे. सोलापुरातील भद्रावती पेठ हे नाव ऐकताच या परंपरेतील भावनाऋषींची पत्नी भद्रावती आठवते.

४/ तेलंगणातल्या खेड्यात विणकराचे स्थान काय होते? गावासाठी कापड विणायचे आणि धान्य किंवा रोकड घ्यायची. पण गावावर सत्ता होती जमीनदार-देशमुखांची. त्यांना तेथे 'दोरा' म्हणत. दोराच्या घरी प्रत्येक कारागीर जातीने वेठ द्यावी, अशी रीत होती. वेठीला तेलुगूत 'वेट्टी' म्हणतात. कुंभाराने मडकी द्यायची, चांभाराने जोडे, विणकराने कापड. त्याचा मोबदला मागण्याची सोय नव्हती. पुढे १९४६ ते १९५१ या काळातील तेलंगणाच्या सशस्त्र शेतकरी लढ्यात वेट्टी हे असंतोषाचे एक प्रमुख कारण ठरले.

५/ वेठ जुनीच होती. मग लोक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच का निघाले? येथे एक गैरसमज दूर करायला हवा. गिरणीच्या कापडाने हातमाग सरसकट संपवला, असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात आधी बुडाली ती हाताने होणारी सूतकताई. हातमाग टिकला, पण त्याला आता गिरणीचे सूत लागू लागले. पूर्वी सूत गावातच कातले जाई. आता ते शहरातून, व्यापाऱ्यामार्फत येऊ लागले. विणकराचा जीव सुताच्या गाठोड्यात अडकला.

६/ आणि या गाठोड्याच्या वाटेत राज्याची सीमा आडवी येत होती. हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे जकात खाते होते. त्याचे नाव 'करोडगिरी'. बाहेरून येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर साधारण पाच टक्के कर पडे. सोलापूर वा मुंबईचे सूत तेलंगणात न्यायचे, विणायचे आणि कापड पुन्हा इंग्रजी मुलखात विकायचे, तर सीमा दोनदा ओलांडावी लागे. माग सीमेच्या अलीकडे आणला की हे ओझे उतरत असे.

७/ माग हलवण्याचा मार्ग आगगाडीने खुला केला. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरला पोहोचली. १८७१ मध्ये ती रायचूरला जाऊन मद्रासच्या मार्गाला मिळाली. १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा निजामाच्या राज्यातला लोहमार्ग सुरू झाला आणि पुढे तो वरंगलकडे वाढला. बैलगाडीने कित्येक दिवसांचा असलेला प्रवास तिकिटाच्या आवाक्यात आला.

८/ याच सुमारास सोलापुरात सूत तयार होऊ लागले. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. नंतर इतर गिरण्या आल्या आणि पहिलीला 'जुनी गिरणी' हेच नाव पडले. नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशी नावे एकामागून एक जोडली गेली. भोवतालच्या मुलखात कापूस, गावात गिरणीचे सूत आणि माल पाठवायला रेल्वे. विणकराला हवे ते सारे एका ठिकाणी जमले होते.

९/ गिरण्या असलेल्या गावात हातमागाला गिऱ्हाईक कसे मिळाले? याचे उत्तर लुगड्यात आहे. नऊवारी, रंगीत, काठपदराचे सुती लुगडे ही दख्खनच्या घरोघरची गरज होती. प्रत्येक भागाची काठाची आणि रंगाची आवड वेगळी. एकाच नमुन्याचे हजारो वार काढणाऱ्या गिरणीला हे परवडत नसे. थोड्या मालासाठी नमुना बदलणे हातमागाला सोपे होते. सूत गिरणीचे आणि वीण हाताची, अशी सोलापूरची घडी बसली.

१०/ आता एक विरोधाभास पाहावा. सोलापूर हा काही पाणीदार मुलूख नव्हे. १८७६-७८ च्या महादुष्काळात हा जिल्हा होरपळून निघाला. तेलंगणातील कोरडवाहू गाव सोडून लोक आले ते दुसऱ्या कोरड्या मुलखात. कारण विणकराला दुष्काळ पावसापेक्षा गिऱ्हाइकामुळे मारतो. पीक बुडाले की शेतकरी आधी नवे कापड घेणे थांबवतो. ज्या गावाचे गिऱ्हाईक शंभर गावांत पसरलेले असते, तेथे एका गावचे पीक बुडाल्याने माग थांबत नाही.

११/ १८९६-९७ च्या दुष्काळात सोलापुरात एक वेगळा प्रयोग झाला. दुष्काळी कामावर सर्वांना खडी फोडायला लावण्याची तेव्हाची रीत होती. पण खडी फोडून विणकराच्या हाताला घट्टे पडले की सूक्ष्म धाग्याचे काम त्या हाताला जमत नाही. म्हणून विणकरांना सूत देऊन विणकामाचीच मदत देण्यात आली. संकटातही माग चालू राहू शकतो, हा अनुभव स्थलांतर करू पाहणाऱ्या घरांसाठी मोलाचा होता.

१२/ अर्थात सोलापूर हा एकमेव पर्याय नव्हता. तेलंगणातले मजूर मुंबईत आधीपासून जात होते. तेथे त्यांना 'कामाठी' म्हणत, आणि कामाठीपुरा हे नाव त्यांच्यावरूनच आले. पद्मशाली कुटुंबे मुंबईच्या गिरण्यांत गेली, अहमदनगरला गेली, पुढे भिवंडी आणि सुरतलाही पोहोचली. तरीही सोलापूरला जे रूप आले, ते वेगळे होते. त्याचे कारण मागाच्या रचनेत सापडते.

१३/ हातमागावर एक माणूस बसलेला दिसतो, पण तो एकट्याने चालत नाही. सुताच्या लडी उकलाव्या लागतात. रहाटावर कांड्या भराव्या लागतात. ताण्याला खळ द्यावी लागते, तो पसरून वाळवावा लागतो, एकेक धागा फणीतून ओवावा लागतो. कांड्या स्त्रिया आणि मुले भरत, ताण्याला सारे घर लागे, आणि धोटा पुरुषाच्या हाती असे. एका मागामागे तीन-चार जणांचे श्रम असत. कुटुंब मागे ठेवून आलेला विणकर म्हणजे अर्धा माग.

१४/ मुंबईशी तुलना केल्यास फरक उघड होतो. रत्नागिरी वा साताऱ्याहून आलेला गिरणी कामगार बहुधा एकटा येई. तो चाळीत दहा जणांसोबत राही, खाणावळीत जेवे आणि गावी मनिऑर्डर धाडी. त्याचे घर, शेत, देव आणि म्हातारे आईवडील गावीच असत. गिरणीला त्याचे दोन हात पुरत. हातमागाला सगळे घर हवे होते. म्हणून मुंबईला पुरुष गेले. सोलापूरला कुटुंबे आली.

१५/ विणकरांनी कुटुंबकबिल्यासह राज्य बदलणे ही भारताच्या इतिहासात नवी गोष्ट नव्हती. मध्य प्रदेशातील मंदसोरच्या शिलालेखात रेशीम विणणाऱ्यांच्या एका श्रेणीची हकीकत कोरलेली आहे. ही श्रेणी लाट देश, म्हणजे दक्षिण गुजरात, सोडून मुलाबाळांसह आणि आप्तांसह दशपुरास, म्हणजे मंदसोरला, आली. तेथे इ.स. ४३६ मध्ये तिने सूर्यमंदिर बांधले आणि इ.स. ४७३ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. नव्या गावी स्थिरावल्याची खूण म्हणून मंदिर उभारणे, हा क्रम सोलापूरच्या मार्कंडेय मंदिरापर्यंत चालत आलेला दिसतो.

१६/ एकोणिसाव्या शतकात हीच वाट इतरांनीही धरली. १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकले आणि त्यांनी मालेगाव, भिवंडी ही गावे मागांच्या आवाजाने भरून टाकली. दख्खनची विणकरी शहरे अशा सहकुटुंब स्थलांतरांतून घडली. सोलापुरात तर तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारे विणकर शेजारी शेजारी आले.

१७/ निर्णय प्रत्यक्षात कसा होई? नकाशा पुढे ठेवून राज्यांची तुलना करण्याची चैन कोणाला नव्हती. आधी नात्यातले एखादे घर जाई. मग लग्नकार्याला, सणाला गावी आलेल्या माणसाकडून बातमी कळे : सूत उधार मिळते, मजुरी रोख मिळते, राहायला जागा आहे. पाहुण्याच्या घरी उतरायचे, त्याच्या ओळखीने कारखान्यात लागायचे, मग भावाला बोलवायचे. राज्य निवडले जाई, पण त्याचा खरा पत्ता एखाद्या पेठेतल्या एखाद्या बोळातला असे.

१८/ सोलापुरात 'कारखाना' या शब्दाचा एक खास अर्थ होता. मोठ्या शेडात वा वाड्यात अनेक हातमाग मांडलेले असत आणि मालक असे कारखानदार. पुष्कळदा तोही पद्मशालीच, आधीच्या पिढीत आलेला. नव्या कुटुंबाला तो प्रवासासाठी, लग्नासाठी, आजारपणासाठी उचल देई. ही उचल मजुरीतून फिटायची. ती लवकर फिटत नसे. आणि ती फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जाता येत नसे.

१९/ या निवडीची किंमत येथे दिसते. वेट्टी मागे राहिली, पण उचल पुढे उभी होती. तिकडे दोरा मोबदल्याशिवाय कापड घेई. इकडे मोबदला होता, पण तो आधीच खर्च झालेला असे. कुटुंब हाच कामाचा घटक असल्याने कर्जही साऱ्या कुटुंबाचे होई. मुलाचा हात शाळेच्या पाटीआधी रहाटाला लागे. स्त्रीचे काम मजुरीच्या हिशेबात वेगळे मोजलेच जात नसे. ते नवऱ्याच्या विणकामात धरलेले असे.

२०/ तरीही मोगलाई आणि इंग्रजी मुलूख यांत एक फरक होता. उचल हा करार होता, वेट्टी हा जन्माने आलेला हक्क मानला जाई. करार कधीतरी फिटू शकतो. काही विणकरांनी तो फेडला, स्वतःचे माग घेतले आणि मग स्वतः कारखानदार झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी दोरी ओढताच धावणारा धोटा त्यांनी झपाट्याने स्वीकारला. त्यामुळे एका दिवसात निघणारे कापड वाढले. पुढे समाजाने शिक्षणसंस्था काढल्या, मार्कंडेयाच्या नावाने सहकारी रुग्णालय उभारले.

२१/ सप्टेंबर १९४८ मध्ये इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. रझाकारांच्या काळात संस्थानातून अनेक कुटुंबे सोलापूरच्या आश्रयाला आली होती. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्याची मुख्य फळी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरहून नळदुर्गमार्गे हैदराबादकडे निघाली. पाच दिवसांत निजामाची सत्ता संपली. दोन-तीन पिढ्या ज्या दिशेने कुटुंबे येत होती, त्याच्या नेमक्या उलट दिशेने हे सैन्य गेले आणि ज्या राज्यातून ती आली होती ते राज्यच उरले नाही.

२२/ १९५६ मध्ये हैदराबादचे तीन तुकडे झाले. तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशात, मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. म्हणजे सोलापूरच्या एखाद्या पद्मशाली घराने घर न बदलता राज्ये बदलली : मुंबई इलाखा, मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. नव्या राज्यांचा आधार भाषा हा होता. तेलुगू घरांना तेलुगू राज्य आता उपलब्ध होते. तरीही ती परतली नाहीत. त्यांचा माग, त्यांची देवळे आणि त्यांच्या सोयरिकी आता सोलापुरात होत्या.

२३/ पुढच्या काळात कसोटी भाषेपेक्षा मालाची ठरली. नऊवारी लुगडे मागे पडले. सोलापूरने जेकार्डवरच्या चादरीकडे आणि टॉवेलकडे मोर्चा वळवला. सोलापुरी चादर घराघरांत पोहोचली आणि महाराष्ट्रातील सर्वांत आधीच्या भौगोलिक मानांकनांत तिचा समावेश झाला. पण याच प्रवासात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. यंत्रमागाला कांड्या भरणारे सारे घर लागत नव्हते. पहिल्यांदाच विणकामाने कुटुंबाकडून फक्त पुरुष मागितला.

२४/ मग घरातल्या स्त्रियांचे हात कुठे गेले? ते विडीकडे गेले. कारखान्यातून तेंदूची पाने आणि तंबाखू आणायची, घरी पाने कातरायची, विड्या वळायच्या आणि मोजून परत द्यायच्या. सोलापूरच्या पूर्व भागातील हजारो तेलुगू घरांत यंत्रमागाची मजुरी खालावली तेव्हा चूल विडीने पेटती ठेवली. जे काम पूर्वी नवऱ्याच्या मागात लपलेले होते, ते आता स्त्रीच्या स्वतःच्या नावावर लागले. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले.

२५/ नावावर काम लागल्याने नावावर घरही मागता आले. नरसय्या आडम हे पद्मशाली समाजातून आलेले कम्युनिस्ट नेते सोलापुरातून तीनदा आमदार झाले. त्यांच्या पुढाकाराने कुंभारी परिसरात विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला. त्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी सुपूर्त झाली. भाड्याच्या खोलीत उतरलेल्या समाजाने येथे स्वतःच्या दाराला कुलूप लावले.

२६/ शहरानेही या कुटुंबांना सामावून घेतले. १९८० आणि १९८४ मध्ये गंगाधर कुचन, १९८९ आणि १९९१ मध्ये धर्मण्णा सादूल, १९९६ मध्ये लिंगराज वल्याळ, असे सलग तेलुगू भाषक खासदार सोलापूरने लोकसभेत पाठवले. मराठी राज्याच्या शहराने तेलुगू माणसाला आपला प्रतिनिधी मानले. पाहुणा म्हणून आलेला समाज घरचा झाल्याची ही नोंद मतपेटीत आहे.

२७/ २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले आणि जुना प्रश्न उलट दिशेने विचारला गेला. २०१७ मध्ये वरंगलजवळ काकतीय मेगा टेक्स्टाइल पार्कची पायाभरणी झाली. सुरत, भिवंडी, सोलापूर येथे गेलेल्या विणकरांनी मायभूमीत परत यावे, हा त्यामागचा एक जाहीर हेतू होता. सिरसिल्ल्याच्या यंत्रमागांना बतुकम्मा सणाच्या साड्यांचे सरकारी काम देण्यात आले. एकेकाळी जेथून वेट्टीला कंटाळून माणसे निघाली, तेथून आता बोलावणे येत होते.

२८/ परतायचे की नाही, हे ठरवताना सोलापूरच्या घरांपुढे पणजोबांपुढचेच प्रश्न आहेत. माग कुठे चालेल? बायकोच्या हाताला काम काय? मुलांची शाळा कोणत्या भाषेत? आजारपणात दार कोणाचे ठोठावायचे? तेलंगणात भाषा मिळेल. पण मुले मराठी शाळेत शिकली आहेत, सोयरिकी पूर्व भागात आहेत आणि घराचे कागद कुंभारीचे आहेत. दुसरीकडे नव्या पिढीतले तरुण नोकरीसाठी पुणे वा हैदराबाद गाठतात. ते बहुधा एकटेच जातात. खणातला माग मागे नसल्याने त्यांना साऱ्या घराची गरज नसते.

२९/ आणि म्हणूनच सोलापूरची ही कथा जपून ठेवण्याजोगी आहे. कर, नाणे, रेल्वे, दुष्काळ आणि दोरा यांनी माणसांना ढकलले किंवा ओढले, हे खरे. पण सगळे घर एकत्र राहून जगू शकेल अशी जागा कोणती, या हिशेबावर अखेरचा निर्णय झाला. तो हिशेब बरोबर ठरला की चूक, याचे एकच उत्तर नाही; कारखानदार झालेल्या घराचे उत्तर वेगळे आणि उचल फेडता फेडता गेलेल्या घराचे वेगळे. मात्र दोन्ही घरांची मुले नारळी पौर्णिमेला त्याच रथामागून चालतात.